ताटली राखेने घासली नव्हती

अनसू, आपण दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर ते तांदूळ निवडणं. ओट्यावर ऊन आलं होतं. मध्ये सूप, एका अंगाला तू, दुसऱ्या अंगाला मी. तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, तरी खडा तुलाच दिसायचा. माझी बाजू झाली म्हणून मी सूप सरकवलं, की तू ते आपल्याकडे ओढून पुन्हा बघायला लागायचीस. "तुमच्या बाजूचं दुसऱ्यांदा बघावं लागतं," म्हणायचीस. लग्न झाल्यापासून म्हणत आलीस. त्या दिवशीही म्हणालीस.

मग तुला तांदळात एक चकाकणारा कण सापडला. तू तो बोटाच्या टोकावर घेतलास, उन्हाकडे धरलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "काहो, त्या अभ्रकात माझं काय चुकलं होतं?"

"तांदूळ बघ," मी म्हणालो. "नाहीतर ऊठ, तांब्याभर पाणी आण."

तू उठलीस. दाराच्या चौकटीला हात लावलास. खाली बसलीस, आणि मग बसलेलीही राहिली नाहीस. शेजारची चौबेबाई धावत आली. डॉक्टर आला तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं. पाणी मला चौबेबाईने आणून दिलं आणि मी ते प्यालो. लिहायला लाज वाटते, पण तहान लागली होती.

इथल्या मराठी मंडळाचे पिंपळकर म्हणाले, मंडळाच्या अंकात चार ओळी देऊ. धर्मपरायण, मनमिळाऊ, असं त्यांनी कागदावर आधीच लिहून आणलं होतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं तिच्याबरोबर मी राहिलो, मी लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथी दोनदा. पण एवढं मला माहीत आहे की तू मनमिळाऊ नव्हतीस. तुला खोटं बोलणारं माणूस चालत नव्हतं, आणि तसं माणूस तुझ्या घरातच होतं.

नागपूरहून निघालो तो दिवस आठव. राज्यं नवीन झाली, कचेऱ्यांत याद्या लागल्या. अर्धी माणसं मुंबई राज्यात, अर्धी भोपाळला. आमचं दगडांचं खातं, त्यात माझं नाव भोपाळच्या यादीत. तू म्हणालीस, "बाप्पा! तिथे आपलं कोण आहे?" मी म्हणालो, "दगड आहेत की." इटारसीपर्यंत तू बोलली नाहीस. लोकांनी मांडीवर पोरं घेतली होती, तू सूप घेऊन बसली होतीस. डब्यातला एक माणूस हसला. "वहां सूप नहीं मिलता क्या, बाई?" तू म्हणालीस, "मिलता होगा, मेरा नहीं मिलता."

मांडीवर पोर का नव्हतं, ते त्या माणसाला काय माहीत. आपली सुमी दोन वर्षांची होऊन गेली, देश स्वतंत्र झाला त्याच पावसाळ्यात. गल्लीतून लोक झेंडे घेऊन चालले होते आणि तू दार लावून आत बसली होतीस. त्यानंतर तू घरातलं सगळं केलंस, माझे दगडाच्या धुळीने भरलेले सदरे धुतलेस, खोकला आला की गूळ हातावर ठेवलास. पण सकाळी उठून तुला काही करावंसं वाटतंय, असं मला दिसलं नाही. नऊ वर्षं दिसलं नाही. भोपाळला दिसलं, आणि ते मीच घालवलं. हेच सांगायला लिहितोय.

टी. टी. नगरचं क्वार्टर तेव्हा नवं होतं. भिंतींना चुन्याचा वास, नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. कचेरी जुन्या बैठ्या इमारतीत, छत गळकं. पेट्या उघडायला जागा नव्हती. माझं काम म्हणजे दगड फोडायचा, कापायचा, घासून कागदासारखा पातळ करायचा, म्हणजे साहेबलोक त्यातून आरपार बघणार. दगडाचं पोट मी आयुष्यभर उघडत आलो. आत काय आहे ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलंस तू.

गद्रे साहेब आपल्या घरी आला तो दिवस. पुण्याचा, कोवळा, चष्मेवाला. हातात पत्र्याचा डबा. आपल्याकडे खुर्ची नव्हती म्हणून ट्रंकेवर बसला. मी दगड कुटून चाळून दिला होता, त्यातलं अभ्रक कण कण वेचायचं होतं आणि कचेरीत त्या कामाला ना जागा ना नजर. मीच बोललो होतो की आमच्या घरी बाई आहे, तिच्या हातून तांदळातला खडा सुटत नाही.

"काकू, हे बैतूलकडच्या दगडातलं. याचं वय काढायचंय."

"दगडाचं? पत्रिका आहे का त्याची?"

साहेब हसला. "याच्या पोटातच आहे." आणि मग त्याने तुला जे सांगितलं ते मी दारात उभा राहून ऐकलं. अभ्रकात एक जिन्नस असतो. तो आपोआप, अगदी हळू, मोडत राहतो. मोडला की त्याचा वायू होतो आणि तो वायू अभ्रकाच्या पापुद्र्यांत अडकून बसतो. मूळ जिन्नस किती उरला आणि वायू किती साठला, हे मोजलं की वय निघतं. मोजायचं यंत्र परदेशात, तिकडे बाटली पाठवायची.

"पण एक भानगड आहे," साहेब म्हणाला. "हा दगड तयार झाला, थंड झाला. त्यानंतर फार काळाने त्याच्या अंगात खालून वितळलेला रस घुसला. बरोबर कढत पाणी आलं, भेगाभेगांतून फिरलं. जिथे फिरलं तिथलं अभ्रक पोळलं."

तू पदराला हात पुसत म्हणालीस, "म्हणजे झाकण उघडलं. वाफ गेली."

साहेबाने कप खाली ठेवला. "अगदी तसंच, काकू. आणि झाकण परत बसलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"मग वय कोणतं धरायचं? जन्मलं तेव्हाचं की पोळलं तेव्हाचं?"

मला वाटलं, आता ही रडणार. तू रडली नाहीस. साहेबाला सुमीचं काही ठाऊक नव्हतं, तो आपल्या नादात म्हणाला, "दोन्ही हवीत. पण वेगवेगळी हवीत. मिसळली तर दोन्ही जातात. मधलाच कुठला तरी आकडा येतो. काहीच घडलं नव्हतं अशा दिवसाचा."

जाताना त्याने बजावलं. राख नको. राखेने घासलेलं भांडं नको. त्या वायूचा जो मूळ जिन्नस, तोच चुलीच्या राखेत भरलेला असतो. कणभर राख लागली तर दगड आहे त्यापेक्षा लहान निघेल.

तू बाजारातून काचेची नवी ताटली आणलीस. उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलीस आणि देवाच्या फळीपेक्षा वरच्या फळीवर ठेवलीस. मी म्हटलं, "देवाच्या डोक्यावर?" तू म्हणालीस, "देवाला राख चालते. याला चालत नाही." कुंकू लावायच्या आधी बसायचीस, म्हणजे बोट लाल नको. झाडूचा एक हीर नवा काढलास, त्याचं टोक ओलं करून एक एक पापुद्रा उचलायचीस. साहेबाचं भिंग होतं, ते तू चार दिवसांनी बाजूला ठेवलंस. म्हणालीस, "याने मोठं दिसतं, पण वेगळं दिसत नाही."

सकाळी जाग आली की तू आधीच खिडकीशी बसलेली असायचीस. मी पडल्या पडल्या बघायचो. कधी कधी तू स्वतःशीच बोलायचीस, सुमीशी बोलायचीस तशी. त्या दिवसांबद्दल मी कोणाचे उपकार मानू? त्या डब्याचे मानतो.

आणि मग तू दोन पुड्या केल्यास. कोणी सांगितलं नव्हतं. "ही काळीभोर आहेत. आणि ही बघा, कडेला चहाचा डाग पडल्यासारखी. सख्ख्या बहिणी वाटतात, पण नाहीत. हिला पोळलंय." मला दोन्ही सारखीच दिसली. साहेब एकदा येऊन बघून गेला. पुड्या हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, असंच चालू द्या." त्या दिवशी तू शिरा केलास. सणवार काही नव्हता.

आता माझं ऐक.

साहेब दौऱ्यावर होता. माल परदेशात जायचा दिवस आला. मी तुझ्या दोन्ही पुड्या तराजूत घातल्या. काळीभोर कमी भरली. चहाच्या कडेची तिच्याहून कमी. ठरलेलं वजन एकीचंही होईना. हेडक्लार्क दारातून ओरडत होता, "शंकरराव, आजच्या टपालाला गेलं नाही तर तुम्हीच घेऊन जा परदेशात!" थांबायचं होतं. साहेबाला तार करायची होती. घरी येऊन तुला विचारलं असतं, तर तू आणखी आठ दिवस बसली असतीस, आनंदाने बसली असतीस. मी दोन्ही पुड्या एका बाटलीत ओतल्या. दगड तो दगड, असं मनात म्हटलं. बूच लावलं. बाटली हलवली. एकजीव झालं.

कितीतरी महिन्यांनी उत्तर आलं. साहेबाने मला बोलावलं. टेबलाभोवती सगळे उभे, पिंपळकर तेव्हा आमच्याच कचेरीत, तेही होते. "शंकरराव, हा आकडा कशालाच बसत नाही. ना दगडाला, ना त्या रसाला. दगड असा लहान कसा निघाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बाईमाणूस आहे, साहेब. ताटली राखेने घासली असेल."

साहेबाने आकड्याचा कागद उलटा ठेवला. मग "असेल" म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. डबा पुन्हा आपल्या घरी आला नाही.

पिंपळकर त्या दिवशी हसले आणि संध्याकाळपर्यंत ते क्वार्टरच्या तिन्ही ओळींत पसरलं. हळदीकुंकवाला गेलीस तर कोणी म्हणालं, "अनसूयाबाई, हात धुऊन आलात ना? नाहीतर आम्ही सगळ्या लहान होऊ!" तुला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वाण तिथेच ठेवून परत आलीस.

"मी राखेने घासली म्हणालात?"

"साहेबाला काहीतरी सांगावंच लागतं."

"पण घासली नव्हती."

"दगडच होता ना तो? काऊन एवढं मनाला लावून घेते?"

तू फळीपाशी गेलीस. ताटली फळीवरून काढलीस आणि त्या दिवसापासून तिच्यात मांजराला दूध घालायला लागलीस.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. तुझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. ताटली चोख होती, हात चोख होते, हे तुला पक्कं माहीत. मग चूक कुठे झाली? माझ्यावर तुझा संशय गेला नाही. मी राखेचं खोटं बोललो ते तुला ठाऊक होतं, पण ते साहेबाच्या धाकाने बोललो असं तू धरून चाललीस. बाटलीचं तुझ्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून तू स्वतःवर संशय घेतलास. "निवडण्यातच चुकलं असेल. माझी नजरच खोटी." वर्षातून दोनदा-तीनदा तरी विचारायचीस. भाकरी थापता थापता, नाहीतर अंगणात कपडे वाळत घालताना. आणि मी म्हणायचो, "जुनं कशाला उकरते?" आयुष्यभर दगड उकरून पोट भरलं मी, आणि तुला म्हणायचो उकरू नको.

आपण बाकी सगळ्यावर भांडलो. रिटायर झाल्यावर तुला नागपूरला जायचं होतं, मला नव्हतं. गोविंदपुऱ्याकडे कारखाना उभा राहत होता, तिकडे स्वस्तात खोली मिळाली म्हणून मी तुला न विचारता घेतली. तू आठ दिवस कारखान्याच्या भोंग्याला शिव्या दिल्यास, मग त्याच भोंग्यावर चहा ठेवायला लागलीस. भाजीत मीठ, माझी विडी, चौबेबाईचं सारखं सारखं येणं, सगळ्यावर भांडलो. त्या भांडणांत तू जिंकलीस आणि मला बरं वाटलं. एका भांडणात मात्र मी तुला उतरूच दिलं नाही.

गेल्या दिवाळीला साहेबाचं पत्र आलं. तो आता लांब दुसऱ्या राज्यात असतो. मी तुला वाचून दाखवलं. "साहेब खुशाल आहे, तुला नमस्कार सांगितलाय," म्हणालो.

तू म्हणालीस, "दोन पानं भरून आणि एवढंच?"

मी घाबरलो. म्हणालो, "त्याला मुलगा झालाय."

तुझा चेहरा उजळला. एका डोळ्याने बघत, सुईत दोरा मला ओवायला लावून, तू साहेबाच्या मुलासाठी टोपडं शिवलंस. मी टपालात टाकतो म्हणून घेऊन गेलो. ते ट्रंकेत आहे, पत्राच्या खाली. साहेबाला मुलगा झालेला नाही, अनसू. निदान पत्रात तसं काही नाही.

पत्रात काय आहे ते आता ऐक. त्याने पुन्हा त्याच टेकडीचे दगड नेले. दोन जातींचं अभ्रक वेगळं काढून मोजलं. दोन वयं आली, एकमेकांपासून फार लांब. काळंभोर होतं ते दगडाच्या जन्माचं. चहाच्या कडेचं होतं ते कढत पाणी आलं त्या वेळचं. साहेब लिहितो, "काकूंनी हे खिडकीशी बसून नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं. त्यांच्याकडे दोन पुड्या मी स्वतः पाहिल्या होत्या. मग बाटली एकच कशी गेली, ते तुम्हीच जाणे. काकूंना सांगा, त्यांची नजर बरोबर होती."

तुम्हीच जाणे, म्हणतो. जाणतो मी.

दिवाळीपासून त्या सकाळपर्यंत रोज सांगणार होतो. तुझ्या बोटावर तो कण चमकला तेव्हा तर वाक्य जिभेवर आलं होतं. फार मोठं नव्हतं. तुझं काही चुकलं नव्हतं, मी मिसळलं. चौकटीपर्यंत जायला तुला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ते दोनदा बोलून झालं असतं.

तुला दुपारी नेलं. गुरुजी म्हणाले, तिसऱ्या दिवशी वार चांगला नाही, उद्याच सावडून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूप घेतलं. ओट्यावर तांदूळ तसेच पडले होते, माझ्या बाजूचे आणि तुझ्या बाजूचे. ते डब्यात भरले आणि रिकामं सूप काखेत मारून घाटावर गेलो. पिंपळकर आणि मंडळाचे दोघं, कचेरीतलेच जुने, आले होते. सूप बघून एकमेकांकडे बघायला लागले.

राख अजून कोमट होती. शेजारी दुसऱ्या कोणाची तरी चिता झाली होती आणि वाऱ्याने दोन्हीकडची राख थोडी एकमेकींत गेली होती. घाटावरचा माणूस फावडं घेऊन आला. "लाओ बाबा, मटका लाओ. भर देता हूं."

"मिलाने का नहीं," मी म्हणालो.

"इतना कौन चुनता है, बाबा? सब राख ही तो है."

"तुम जाओ. मुझे टाइम है."

मी खाली बसलो. कोळसा वेगळा, अस्थी वेगळ्या. पिंपळकर माझ्या डोक्याशी उभे होते. मी वर न बघता म्हणालो, "पिंपळकर, ताटली राखेने घासलेली नव्हती. बाटलीत मी मिसळलं होतं."

"कोणती ताटली?"

"अभ्रकाची. गद्रे साहेबाच्या टेबलापाशी. तुम्ही हसला होतात."

त्यांनी बराच विचार केला. खरंच केला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शंकरराव, मला काही आठवत नाही हो. तुम्ही जरा सावलीत बसा."

दुसऱ्या दोघांकडे बघितलं. त्यांनाही आठवत नव्हतं. ज्यांच्यात मी तुझं नाव घालवलं, त्यांनी ते केव्हाच विसरून टाकलं होतं. ते तुझ्या एकटीपाशी राहिलं होतं, आणि ते घेऊनच तू पाणी आणायला उठलीस.

ते सावलीत जाऊन बसले. मी मूठ मूठ राख सुपात घेत राहिलो. काळं दिसलं की उन्हाकडे धरून बघत होतो. तू बघायचीस तसं. एका अंगाने सगळं झालं तेव्हा सवयीने सूप पुढे सरकवलं. समोर कोणी नव्हतं.

मग उठलो, सुपाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसलो, आणि माझ्या बाजूचं दुसऱ्यांदा बघायला घेतलं.